लंकामावशीचं अर्धं वाक्य

मागच्या आठवड्यात एक कार्यकर्ता माझ्या दुकानात पत्रकं काढायला आला. पत्रकावर नेत्याचा हसरा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'तुमचा प्रत्येक शब्द ऐकणारा माणूस'. मी झेरॉक्सचं मशीन सुरू केलं आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. कार्यकर्ता बिचारा पुन्हा पुन्हा फोटो निरखायला लागला, साहेबांच्या मिशीला काही झालंय की काय म्हणून. त्याला काय सांगणार? मला लंकामावशी आठवली होती. लंकामावशी आठवली की मी एकटा असलो तरी हसतो. गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली आहे.

लंकाबाई दाभाडे. हे नाव तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हाही मी हसलोच होतो. तिनं काउंटरवर दोन्ही हात रोवले आणि विचारलं, "काय झालं? दात दुखू राहिले का?"

"नाही मावशी, नाव छान आहे."

"थोरल्या बहिणीचं नाव सीता. मधलीचं जानकी. मी झाले तव्हा बाप म्हनला, पुन्हा पोरगीच? आता ह्या रामायनाला काडी लावा. म्हनून मी लंका. हसून झालं आसंल तर अर्ज लिही."

त्या दिवसापासून मी तिचा लेखनिक झालो. मला नाव असून तिनं ते कधी घेतलं नाही. ती मला 'झेरॉक्स' म्हणायची. "ए झेरॉक्स, चहा घेतला का?" असं ती चढावरून ओरडली की खालचा सगळा रस्ता माझ्याकडं बघायचा.

माझं दुकान टेकडीनगरच्या पायथ्याशी. छत्रपती संभाजीनगरच्या कडेला, वाळूजच्या कंपन्यांत जाणाऱ्या लोकांची ही वस्ती. मावशी मूळची पाचोडची. लग्न होऊन इथं आली, नवरा लवकर गेला, आणि तिनं एका कंपनीच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं चपात्या लाटल्या. त्यामुळं जगातल्या कुठल्याही माणसाची परीक्षा ती चपातीसारखीच करायची. निवडणूक आली की माझ्या दुकानासमोरच्या पायरीवर बसून, समोरून जाणाऱ्या उमेदवारांचे निकाल जाहीर करायची.

"ह्यो कच्चा हाय. आजून भाजू द्या."

"ह्यो करपला. पलटायला उशीर केला लोकांनी."

आणि एका पांढऱ्याशुभ्र कपड्यातल्या, हात जोडून चालणाऱ्या भरदार माणसाकडं बघून, "ह्यो फुगतो झकास. पन गार झाला की बघा. चामडं."

हा फुगणारा माणूस म्हणजे आमच्या भागाचे भाऊ. त्यांचं खरं नाव सांगायची गरज नाही. प्रत्येक भागाला एक भाऊ असतो.

आता पाण्याचं सांगतो, त्याशिवाय मावशी कळायची नाही. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. ज्या दिवशी येतं तो 'पाण्याचा दिवस'. आमच्या वस्तीत साखरपुड्याची तारीख काढताना पंचांग नंतर उघडतात, आधी विचारतात, त्या दिवशी पाणी तर नाही ना? जावई पाण्याच्या दिवशी आला तर त्याला चहाच्या आधी बादली मिळते. आणि अधूनमधून बातमी येते, 'पाणी एक दिवस पुढं गेलं.' म्हणजे पाण्याचा दिवस सरकला. मग आख्ख्या वस्तीचं वेळापत्रक एक घर पुढं सरकतं. मावशी तर काळच पाण्यात मोजायची. "ते दोन पान्यांमागं आलता," म्हणजे साधारण पंधरवड्यापूर्वी.

पण हे सगळं खालच्या गल्ल्यांचं. पाण्याचा पाइप चढावर अर्ध्यात येऊन संपला होता. त्याच्या वर चौदा घरं, आणि सगळ्यात शेवटचं मावशीचं. पाणी आलं की खालच्यांनी आधी भरायचं, त्यांची भांडी संपली की उरलेली धार वरच्यांना. ती धार करंगळीएवढी. तीही हंड्यात घेऊन चढ चढायचा. बाकीची तहान टँकरवर. मावशीचे गुडघे तिला रोज शिव्या द्यायचे आणि ती त्या शिव्या जशाच्या तशा भाऊंच्या नावावर पुढं पाठवायची.

तरी मत द्यायला पहिली! शाळेचं फाटक उघडायच्या आधी नवी साडी नेसून दारात उभी. शेजारचा रशीदभाई, वाळूजला एका कारखान्यात पाइप फिटर, त्यानं दोन निवडणुकांपासून मत देणं सोडलं होतं. तो म्हणायचा, "मौसी, किसको भी दो, अपना हंडा खालीच रहनेवाला. मैं तो सोताय उस दिन."

"सो बाबा, सो," मावशी म्हणायची. "पन मग पाच वर्सं तोंड मिटून झोपायचं. मी मत देते, म्हनून ओट्यावर बसून मोकळी शिवी देते. तुला फुकटची शिवी काहून द्यायची?"

रशीदभाई मग तोंडात सुपारी टाकायचा.

मावशीची मागणी फार मोठी नव्हती. एकच वाक्य होतं. ते तिनं मला इतक्यांदा सांगितलं होतं की मशीनचं झाकण उघडलं तरी मला तेच ऐकू यायचं. "भाऊ, पाइप चढाच्या मधापर्यंत आला, वर चौदा घरं राहिली, तिथपर्यंत..." आणि इथं दर वेळी भाऊ दोन्ही हात वर करून म्हणायचे, "होऊन जाईल मावशी! होऊन जाईल!" लगेच कार्यकर्ते घोषणा द्यायचे, ताशा कडाडायचा आणि भाऊ पुढच्या दारात.

"चार निवडणुका झाल्या, झेरॉक्स," ती मला म्हणाली, "माझं वाक्य 'तिथपर्यंत'च्या म्होरं गेलं नाय."

बरं, अर्ध्या वाक्यावर भाऊंनी काहीच केलं नाही असंही नाही. एकदा केलं! 'वर चौदा घरं राहिली' एवढं त्यांच्या कानावर पडलं होतं, म्हणून त्यांनी वरच्या गल्लीत सार्वजनिक नळ बांधून दिला. सुंदर ओटा, निळ्या फरश्या, दोन चकचकीत तोट्या, वर भाऊंच्या नावाची पाटी. फीत कापली, पेढे वाटले. पाइप मात्र खालीच संपलेला. तोटी फिरवली की आतून फक्त हवा यायची, तीही उन्हाळ्यात गरम. रशीदभाईनं दुसऱ्याच दिवशी त्या तोटीला बकरी बांधली. गावाकडून पाहुणे आले की मावशी त्यांना मुद्दाम तिथं न्यायची. "हे बघा," म्हणायची, "अर्धं ऐकलं की आसं व्हतं."

मी एकदा तिला म्हणालो, "मावशी, हे लोक दुष्ट असतात."

"नाय रे," ती म्हणाली. "दुष्ट मानूस तुझ्याकडं बघून दुष्टावा करतो. हे बघतच नायत. कँटीनमधी सायेब ताट घेऊन यायचे. बावीस वर्सं त्यांचा हात माझ्या चपातीपर्यंत आला. डोळे कधी आले नाय. मी मेले आस्ते आन् तिथं दुसरी उभी राहिली आस्ती, तर त्यांना चपाती बदलली म्हनून कळलं आसतं, बाई बदलली म्हनून नाय." मग माझं तोंड पडलेलं बघून तिनं माझ्या डोक्यात टपली मारली. "लगेच रडू नको. ते बघत नायत म्हनून तर मी त्यांच्या खिशातल्या पानाच्या पुड्या मोजायची. मॅनेजर सायबाच्या खिशात रोज सात."

आणि मग तिला युक्ती सुचली. प्रचारात नेता एका जागी उभा कधी राहतो? ओवाळताना! ताट समोर आलं की भल्याभल्यांना थांबावं लागतं. टिळा लागेपर्यंत हलता येत नाही, नाहीतर बाया नावं ठेवतात. तेव्हा पुढच्या निवडणुकीत भाऊ आले तसं मावशीनं ताट धरलं आणि ओवाळायला सुरुवात केली. काय ते ओवाळणं! असं सावकाश ओवाळणं मी नाटकातही पाहिलं नाही. एक फेरा म्हणजे एक प्रदक्षिणा. दिवा भाऊंच्या डाव्या कानापाशी थांबवून ती म्हणाली, "भाऊ, पाइप चढाच्या मधापर्यंत आला..." दिवा नाकापाशी आला, "वर चौदा घरं राहिली..." भाऊंच्या कपाळावर घाम. उजव्या कानापाशी, "तिथपर्यंत..." आणि तेवढ्यात पप्पूनं, भाऊंचा उजवा हात तो, मागून ताशावाल्याला खूण केली. ताशा असा कडाडला की ज्योत विझली. भाऊ म्हणाले, "होऊन जाईल!" आणि सटकले. मावशी ताट हातात घेऊन उभी. मला वाटलं आता रडते की काय. ती म्हणाली, "पप्पूच्या आईला सांगते. माझ्याच हातच्या चपात्या खाऊन वाढलंय ते."

पण खरी गंमत त्याच निवडणुकीत पुढं झाली. पप्पूनं खालच्या मैदानात भाऊंची सभा लावली. मोठा हुशार गडी. पाण्याचा दिवस बुधवारी, म्हणून सभा गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता. पत्रकं माझ्याकडूनच काढून नेली. तो वळणावर दिसेनासा झाला आणि मावशी आली. पायरीवर बसली, गुडघा चोळला आणि बारीक आवाजात म्हणाली, "पानी एक दिवस पुढं गेलं."

मी उठलोच. "म्हणजे गुरुवारी? अहो, पप्पूला सांगायला पाहिजे."

"त्यानं विचारलं का?"

"नाही, पण..."

"मग बस खाली."

मी बसलो. माझ्या आयुष्यातला तो एकमेव राजकीय निर्णय.

बुधवारी नळ कोरडा राहिला, पण तोवर पत्रकं वाटून झाली होती आणि पाणी आता गुरुवारी रात्रीच येईल असं सगळ्यांनी धरलं होतं. गुरुवारी मैदान भरलं. खुर्च्या कमी पडल्या. पुढच्या रांगांत बायका, कडेला ताशा, स्टेजवर पप्पू आणि दहाबारा मंडळी. वरच्या गल्लीच्या बायकाही आल्या होत्या, मधोमध मावशी. रशीदभाई मत देत नसला तरी सभेला येतो. तो खांबाला टेकून सुपारी चघळत होता. भाऊंनी माईक हातात घेतला, डोळे मिटले आणि आवाजात मध ओतून म्हणाले, "माझ्या माता-भगिनींनो! तुम्ही माझं कुटुंब आहात. तुमच्यासाठी मी..."

"पानी आलं!"

कोण ओरडलं कळलं नाही. पण त्या दोन शब्दांनी जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. पहिली रांग उठली, मग दुसरी, मग आख्खं मैदान. खुर्च्या उताण्या पडल्या. एक म्हातारी, जी सभेला दोघांच्या आधारानं आली होती, ती सगळ्यांत पुढं पळत होती. ताशावाला ताशा गळ्यात तसाच घेऊन पळाला, उड्या मारताना तो आपोआप वाजत होता. स्टेजवरची मंडळी एकमेकांकडं बघत राहिली. मग पप्पूचा धीर सुटला. त्याचं घर खालच्याच गल्लीत, घरी आई एकटी. त्यानं भाऊंच्या पाया पडल्यासारखं केलं आणि स्टेजवरून उडी टाकली. त्याच्या मागं बाकीचे.

दोन मिनिटांत मैदानात उरले भाऊ, मी, खांबाचा रशीदभाई, आणि मधोमध शांत बसलेल्या चौदा बायका. हातात हात घालून, पदर सावरून, जणू काही झालंच नाही.

भाऊ स्टेजवरून खाली आले. माईक हातातच होता आणि चालूच होता, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. त्यामुळं पुढचं सगळं कर्ण्यांतून आख्ख्या टेकडीनं ऐकलं.

"सगळे कुठं गेले?"

"पानी आलं," मावशी म्हणाली.

"मग तुम्ही कशा बसल्या?"

"आमच्याकडं येत नाय ना बा."

भाऊंनी एकदा मागं पाहिलं. घोषणा द्यायला कोणी नव्हतं. कडेला पाहिलं. ताशा नव्हता. मग सवयीनं दोन्ही हात वर गेले, "होऊन..." आणि मावशीनं एक बोट वर केलं. फक्त बोट. भाऊंचे हात तिथंच थांबले. तिनं त्यांच्या हातातला माईक काढून घेतला, तो चपातीच्या लाटण्यासारखा दोन्ही हातांनी आडवा धरला, आणि मी चार निवडणुका ज्याची वाट पाहत होतो ते वाक्य सुरू झालं.

"भाऊ, पाइप चढाच्या मधापर्यंत आला, वर चौदा घरं राहिली, तिथपर्यंत दोनशे फूट पाइप पाहिजे. पन नुसता पाइप टाकू नका. चढ हाय, पानी चढायचं नाय. खालच्या वळनावर एक व्हॉल्व्ह पाहिजे, म्हंजी खालच्यांचं भरून झालं की तो फिरवायचा आन् पानी वर सोडायचं. हे मला रशीदनं सांगितलं, तो फिटर हाय. दोनशे फूट पाइप आन् एक व्हॉल्व्ह. संपलं माझं."

पूर्ण! पूर्णविरामासकट! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण मी एकटाच होतो, बरं दिसलं नसतं.

रशीदभाई खांबावरून म्हणाला, "और भाऊ, आपके नल पे मेरी बकरी बहुत खुश है."

भाऊ एका खुर्चीवर बसले. खरंच बसले, पहिल्यांदाच. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मावशी, हे मला कधी कोणी सांगितलंच नाही."

खालच्या गल्ल्यांतून, हंडे भरता भरता, शेकडो माणसं एकदम हसली. ते हसू थेट मैदानात येऊन धडकलं. भाऊंनाही मग हसू आलं. मावशीनं माईक त्यांच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "आता तुमचं भाषन करा. आम्ही ऐकतो. आमची पाळी यायला तासभर हाय."

आणि त्यांनी केलं हो! चौदा बायकांसमोर, खुर्चीवर बसून. लहान झालं भाषण. मी ऐकलेलं त्यांचं सगळ्यात बरं.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला फसवलं असतं. भाऊ निवडून आले आणि विसरले. तीन पाण्याचे दिवस गेले, चार गेले, पाच गेले. रशीदभाई म्हणाला, "बोला था ना?" वस्तीत सगळे तेच म्हणायला लागले, की हे लोक सारखेच, आपण नुसते दिवस मोजायचे. मावशी मात्र माझ्याकडं आली नाही. मला वाटलं थकली. थकायचा हक्क होताच तिला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी, खालच्यांचं भरणं सुरू झालं तशा वरच्या चौदाजणी रस्त्यानं निघाल्या. मी शटर अर्धं ओढून त्यांच्या मागं गेलो, असली संधी कोण सोडतो! त्या थेट भाऊंच्या कार्यालयात गेल्या. पप्पू टेबलाशी होता, तो उभाच राहिला.

"काय काम मावशी? भाऊ मुंबईला गेलेत."

"काय बी काम नाय," मावशी म्हणाली. "खालच्यांचं भरून होईतो आम्ही रिकाम्या असतो. तुमच्याकडं पंखा हाय. बसतो घडीभर."

चौदा जणी बसल्या. घोषणा नाही, निवेदन नाही. थोड्या वेळानं मावशी म्हणाली, "पप्पू, जरा पानी दे रे." त्यानं थंड पाण्याच्या जारमधून ग्लास भरून दिला. मग दुसरीनं मागितलं. मग तिसरीनं. प्रत्येकीनं दोन दोन ग्लास, अगदी सावकाश. जार संपला. पप्पूनं दुसरा मागवला. तोही संपला. मग त्या उठल्या, "येतो बाळा," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या पाण्याला पुन्हा. त्याच्या पुढच्या पाण्याला पुन्हा. तिसऱ्या खेपेला पप्पूनं चार जार आधीच भरून ठेवले होते, तर त्या लेकीसुनांना घेऊन आल्या. चौथ्या खेपेला भाऊ स्वतः होते. त्यांना तहान लागली होती आणि कार्यालयात प्यायला थेंब नव्हता. मावशीनं आपल्या हातातला अर्धा ग्लास त्यांच्यापुढं केला. एक शब्द बोलली नाही. बोलून झालंच होतं तिचं.

पाइप आला. व्हॉल्व्हही आला, हे महत्त्वाचं. जोडणीच्या दिवशी रशीदभाईनं सुट्टी टाकली. आलेल्या माणसांना बाजूला सारून शेवटचा सांधा त्यानं स्वतःच्या पान्यानं आवळला. "इन लोगों का भरोसा नहीं," म्हणाला, "और भाऊ पे तो अभी भी नहीं." बकरी त्या दिवशी दुसऱ्या खांबाला बांधली. निळ्या फरशीच्या ओट्यावरची तोटी मावशीनं फिरवली. आधी हवा आली, मग लाल पाणी, मग पांढरं. मावशीनं पायावर पाणी घेतलं आणि आपल्या गुडघ्यांना म्हणाली, "झालं का समाधान?"

मी तिला शेवटची पाहिली ती गेल्या वर्षी. लेक वैजापूरला असते, तिनं हट्टच धरला होता की आता एकटं राहायचं नाही. जावई जीप घेऊन आला. सामान चढलं. मी निरोप द्यायला वर गेलो, तर मावशी जागेवरून हलायला तयार नाही. पाण्याचा दिवस होता. घरात नवीन बिऱ्हाड उद्या येणार, वाळूजला कामाला लागलेलं जोडपं, कडेवर बाळ. "त्या पोरीनं आल्या आल्या काय करायचं? भरून देते आन् मग निघते." जावई कपाळाला हात लावून जीपमध्ये बसला.

पाणी आलं. मावशीनं नळाला रबरी पाइप लावला, त्याचं टोक ड्रममध्ये सोडलं, पण ते सारखं बाहेर उसळत होतं. तेवढ्यात चढावरून एक नवाच उमेदवार येताना दिसला. तरुण, नवा कोरा कुर्ता, मागं वीसएक पोरं आणि मोबाइल धरलेला फोटोवाला. दारात येऊन त्यानं हात जोडले, "मावशी, आशीर्वाद असू द्या. तुमची काही अडचण असेल तर..."

"हाय ना," मावशी म्हणाली आणि पाइपचं टोक त्याच्या हातात दिलं. "हे धरा. बाहेर सांडू देऊ नका."

त्यानं धरलं. काय करणार? मागच्या पोरांची घोषणा घशातच राहिली. फोटोवाल्याला फोटो काढावा की नाही कळेना. उमेदवार ड्रमवर वाकून, एक हात कुर्त्यावर धरून, पाण्याच्या पातळीकडं टक लावून बघत होता.

मावशी केव्हाच आत गेली होती. आतून भांड्यांचा आवाज आला आणि मग तिचा.

"भरला की सांगा हं. आजून तीन हायत."